अनोळखी शहरात चार दिवस: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा एकटीने परक्या शहरात गेले तेव्हा माझ्याकडे तेवीस ठिकाणांची यादी होती आणि हातात तीन दिवस. महिनाभर खपून केलेली यादी. प्रत्येक नावापुढे छोटा चौकोन, बघून झालं की खूण करायला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौदा चौकोन भरले होते, आणि मी एका चर्चच्या पायरीवर बसून डाव्या पायातला बूट काढून टाचेवरचा फोड बघत होते. ते चर्च यादीत पंधरावं होतं. आत गेलेच नाही. त्या चौदांपैकी आज जेमतेम चार नीट आठवतात. पायरी मात्र लख्ख आठवते: दिवसभर तापलेला दगड, समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून गालिचा झटकणारी बाई आणि खाली मान वर करून तिच्याशी ओरडून बोलणारा मुलगा.

त्यानंतर बरीच शहरं झाली. जुन्या चुका पुन्हा केल्या, नव्याही केल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. शहराच्या सहलीत पैसा आणि वेळ संपायच्या आधी पाय संपतात, आणि पायांच्या मागोमाग लक्ष संपतं. तेव्हा आखणी या दोघांच्या मापाने करायची. हे सगळं क्रमाने सांगते. पहिल्या पाच पायऱ्या तर घरी बसूनच चढायच्या आहेत.

१. दिवस नका मोजू, अर्धे दिवस मोजा

‘चार दिवस’ म्हणजे चार दिवस कधीच नसतात. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचणार, चौथ्या दिवशी दुपारी निघणार. मधले दोन पूर्ण आणि कडेचे दोन अर्धे, म्हणजे एकूण सहा अर्धे दिवस. त्यातला पहिला प्रवासाच्या शिणवट्यात जातो. उरले पाच.

एका कोऱ्या कागदावर हे सहा चौकोन काढा. एका चौकोनात एकच मोठी गोष्ट लिहायची. मोठी म्हणजे जिला तिकीट, रांग किंवा दोन तासांहून जास्त वेळ लागतो ती: संग्रहालय, राजवाडा, किल्ला, मोठं प्रार्थनास्थळ. पाचही चौकोन भरायचे नाहीत. मी तीन भरते आणि दोन मोकळे सोडते. नवख्यांना हे ऐकून जीव तुटतो. ‘एवढे पैसे घालून जायचं आणि दोन अर्धे दिवस रिकामे?’ हो, रिकामे. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, पोट बिघडलं किंवा एखादी गल्ली इतकी आवडली की तिथून हलवेना, तर हेच रिकामे चौकोन कामाला येतात.

संग्रहालयात पाय मोडतात ही तक्रार काही आजची नाही. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आइव्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयाचा थकवा’ याच विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तूंविषयी साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढले. पेटीच्या तळाशी ठेवलेली वस्तू बघायला तो वाकतोय, गुडघ्यावर येतोय, मान वेळावतोय. मांडणीच अशी की बघणाऱ्याला कवायत घडते, असं त्यांचं म्हणणं. मांडणी तेव्हापासून पुष्कळ सुधारली, पण माझा अनुभव सांगते: दीड तासानंतर मी चित्रं बघत नाही, चित्रांवरून चालत जाते.

२. बंद वार आणि आगाऊ तिकिटं

ही पायरी कंटाळवाणी आहे. पण हीच चुकली तर सगळ्यात जास्त हळहळ होते. मी एकदा एका प्रसिद्ध संग्रहालयापर्यंत ऐटीत चालत गेले. दार बंद. दाराशी माझ्यासारखीच सातआठ माणसं एकमेकांकडे बघत उभी. चूक सर्वस्वी माझी होती, सुट्टीचा वार मी बघितलाच नव्हता.

प्रत्येक ठिकाणाचा बंद वार वेगळा असतो आणि एकाच शहरातही तो जुळत नाही. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, तर नदीपलीकडचं ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. फ्लोरेन्सची उफित्सी गॅलरी सोमवारी बंद. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, तिथला जुना झाकलेला बाजार रविवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि मोफत, त्यामुळे त्या दिवशीची रांग बघण्यासारखी असते, पण ती बघायला आपण जात नाही. सहा चौकोनांच्या कागदावर आधी वार लिहा, मग ठिकाणं त्यात बसवा. उलट करायला गेलात की हमखास घोळ होतो. वेळापत्रकं आणि सणाच्या सुट्ट्या बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा नजर टाका.

बंद व्हायची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी शेवटचा प्रवेश अर्धा ते एक तास आधी असतो, आणि दालनं रिकामी करायला पहारेकरी त्याहून उत्साही असतात.

काही ठिकाणं आगाऊ तिकिटाशिवाय विसरायची. मिलानमध्ये लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हे भित्तिचित्र बघायला छोट्या गटाने आत सोडतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर काढतात. तिकिटं कितीतरी आधी संपतात. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या किल्लेवजा राजवाड्यात नासरी महालांसाठी ठरावीक वेळ दिली जाते, ती चुकली की महाल चुकले. ॲम्स्टरडॅमच्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी साधारण सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात. विमानाचं तिकीट काढलं की त्याच दिवशी अशा ठिकाणांची तारीख बघून ठेवा.

तिकीट शक्यतो त्या ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर काढा. शोधलं की वर येणारी पहिली दोनतीन नावं पुष्कळदा मध्यस्थांची असतात, आणि दिसायला इतकी अधिकृत की मीही एकदा फसले. तेच तिकीट, जवळजवळ दुप्पट पैसे, वर परत करायची सोय नाही.

३. राहायची जागा

नवखा माणूस विचारतो, ‘प्रसिद्ध ठिकाणापासून किती लांब?’ मी आता तीनच गोष्टी बघते. रात्री दहा वाजता स्टेशनपासून त्या दारापर्यंतचा रस्ता कसा आहे; इमारतीत लिफ्ट आहे का; आणि दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येईल का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शहराच्या कडेला स्वस्तात खोली घेतली की सकाळी नऊला बाहेर पडलेला माणूस रात्रीच परततो, मधे कुठे टेकायला जागा नसते. मग चार वाजता तो कुठल्यातरी दुकानात विनाकारण शिरतो, तिथे बसायला खुर्ची आहे म्हणून.

लिफ्टचं का म्हणते? जुन्या शहरांत ‘चौथा मजला’ म्हणजे नव्वदेक अरुंद पायऱ्या असू शकतात, आणि ट्रॉली बॅगची चाकं पायऱ्यांवर काही कामाची नसतात.

४. नकाशावर पुंजके पाडा

फोनच्या नकाशात आवडलेल्या सगळ्या जागांवर पिन टाका, अगदी ‘जमलं तर’ अशासुद्धा. मग नकाशा लहान करून लांबून बघा. पिना कुठे दाटल्यात ते लगेच दिसतं. असे तीनचार पुंजके निघतात. एक पुंजका, एक अर्धा दिवस. मोठ्या गोष्टीभोवतीची लहानसहान ठिकाणं त्याच फेरीत. पुंजक्याबाहेर एकटीच पडलेली पिन असेल तर स्वतःला विचारा, फक्त हिच्यासाठी शहर ओलांडून जाल का? दहापैकी आठ वेळा उत्तर नाही असंच येतं.

हा नकाशा निघण्याआधीच ऑफलाइन उतरवून घ्या. विमानतळावर नवं सिम चालेना, खोलीचा पत्ता मेलमध्ये आणि मेल उघडेना, हा प्रसंग प्रत्येकावर एकदा येतोच. पत्ता कागदावर, तिथल्या लिपीत, खिशात.

आता मेट्रोच्या नकाशाविषयी. तो दिसायला सुबक असतो, पण अंतराच्या बाबतीत चक्क खोटं बोलतो. हॅरी बेक या आरेखकाने लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा विजेच्या मंडलाच्या आकृतीसारखा सरळ रेषांत काढला. १९३३ मध्ये तो छापला गेला आणि पुढे जगभर त्याचीच तऱ्हा रुळली. कुठे गाडी बदलायची ते त्यावर चटकन कळतं. किती लांब, ते अजिबात कळत नाही. लंडनमधलीच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं घ्या. नकाशावर इतर कुठल्याही जोडीइतकीच दूर. प्रत्यक्षात अंतर अडीचशे मीटरच्या आसपास. नवखे लोक इमानेइतबारे खाली उतरतात, गाडीची वाट बघतात, मिनिटभर बसतात आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या गर्दीला कंटाळून जिना धरतात. तो जिना १९३ पायऱ्यांचा आहे. तशी पाटी आहे, पण घाईत कोण वाचतो! सहप्रवाशांना मी ‘काय होतंय, चढू’ म्हणून पुढे घातलं होतं. ते अजून बोलून दाखवतात.

तेव्हा एकदोन स्टेशनांचं अंतर असेल तर आधी खऱ्या नकाशावर चालायचं अंतर बघा.

५. बूट

नवे बूट घालून जाऊ नका. बस, एवढंच सांगायचं होतं, पण हे कोणी ऐकत नाही म्हणून थोडं आणखी. शहरात फिरताना दिवसाला वीस हजार पावलं सहज होतात. एक पाऊल सत्तर सेंटिमीटर धरलं तर चौदा किलोमीटर. तेही दगडी फरशीवर, थांबत थांबत, आणि थांबत चालणं सलग चालण्यापेक्षा जास्त दमवतं. निघायच्या आधी तीन आठवडे तेच बूट घालून रोज तासभर चाला. फोड येतो तो घासल्यामुळे आणि ओलाव्यामुळे. म्हणून दुपारी मोजे बदलायचे. एक कोरडी जोडी पिशवीत ठेवायला काहीच जड नाही. टाच चुरचुरायला लागली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. ‘पुढच्या चौकात बघू’ म्हटलं की पुढच्या चौकात फोड तयार.

६. पोहोचल्या दिवशी: होडी किंवा उंची

पहिल्या अर्ध्या दिवशी कुठलंही तिकीट काढलेलं नसावं. विमान उशिरा येतं, खोली तयार नसते, डोकं जड असतं. सामान टाका, तोंड धुवा आणि शहराच्या अंगावरून एक चक्कर मारा. बसून.

शहर पाण्याकाठी असेल तर रोजच्या माणसांची होडी पकडा, पर्यटकांची नव्हे. इस्तंबूलला एमिनोन्यूहून काडिकॉयला जाणारी होडी वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात नेऊन सोडते; मागे मिनार आणि घुमट लहान होत जातात आणि शेजारचा माणूस तिकडे न बघता पेपर वाचत असतो, कारण तो घरी चाललाय. हाँगकाँगची स्टार फेरी जिच्यातून वाढली ती होडी १८८८ मध्ये दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने सुरू केली होती; बंदर ओलांडायला ती अजूनही दहा मिनिटांच्या आत नेते. न्यू यॉर्कची स्टॅटन आयलंडची होडी १९९७ पासून मोफत आहे, पंचवीसएक मिनिटांची, आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा वाटेतच दिसतो. जाताना उजव्या बाजूला उभे राहा.

पाणी नसेल तर उंची गाठा. टोकियोत शिंजुकूला महानगर सरकारच्या कचेरीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावर, २०२ मीटरवर, मोफत जाता येतं. वरून बघितलं की उद्यापासून पायाखाली येणारं शहर कुठल्या बाजूला पसरलंय, नदी कुठे, डोंगर कुठे, एवढं डोक्यात बसतं. दिशा एकदा बसली की फोनकडे बघणं निम्म्यावर येतं.

याच दिवशी प्रवासाच्या कार्डाचं गणित समजून घ्या. अनेक शहरांत साधं कॉन्टॅक्टलेस कार्ड दाराला टेकवलं की चालतं, आणि लंडनमध्ये तर दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादाही आहे. मात्र आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड टेकवलंत तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोघांकडून पूर्ण भाडं घेतलं जातं. सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही बघून घ्या. लंडनला उजवीकडे, टोकियोत डावीकडे, ओसाकात परत उजवीकडे. कळेना तर पुढच्या माणसाच्या मागे उभं राहायचं, ही युक्ती जगात कुठेही चालते.

७. सकाळ वाया घालवू नका

प्रागच्या चार्ल्स पुलावर दुपारी गेलात तर माणसांच्या पाठी दिसतात. पहाटे साडेपाच-सहाला गेलात तर पूल दिसतो: अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, खाली पाण्यावर धुकं, आणि बोचऱ्या थंडीत लग्नाच्या पोशाखात फोटो काढून घेणारं एखादं जोडपं. मोकळ्या जागा, म्हणजे पूल, चौक, घाट, सकाळी बघायच्या. दार उघडणाऱ्या जागा त्यानंतर.

उजेड कुठून येतो तेही विचारात घ्या. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चमध्ये पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी गेलं तर आत थंड पाण्याच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटतं, उतरत्या उन्हात तेच खांब पेटल्यासारखे दिसतात. तिकिटाची वेळ निवडताना दोन्हींपैकी काय हवं ते ठरवा. मी उतरत्या उन्हाची वेळ घेतली, आणि दहा मिनिटं समोरच्या खांबावरून तांबूस डाग वर सरकताना बघत बसले. बाकीचं काय बघितलं ते फारसं सांगता येणार नाही.

८. संग्रहालयात

आत शिरल्यावर लगेच चालायला लागू नका. नकाशा घ्या, बाकावर बसा, दहा गोष्टी निवडा. लूव्रमध्ये सुमारे पस्तीस हजार वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला दहा सेकंद दिले तरी न थांबता जवळजवळ शंभर तास लागतील. सगळं बघणं होणारच नाही, हे दारातच मान्य केलं की मन हलकं होतं.

प्रसिद्ध वस्तूची एक अडचण असते, ती आपण आधीच पाहिलेली असते. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, म्हणजे एखाद्या मध्यम खिडकीएवढीही नाही, आणि तुमच्या व तिच्यामध्ये काच, कठडा आणि वर धरलेले शेदोनशे फोन असतात. गंमत अशी की १९११ मध्ये ती चोरीला गेली तेव्हा नुसती रिकामी भिंत बघायला लोकांनी गर्दी केली होती. तिला नमस्कार करा आणि मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं ‘काना गावातलं लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि त्याच्यापुढे उभं राहायला बहुधा भरपूर जागा असते. माझा नियम असा: प्रसिद्ध वस्तूला पाच मिनिटं, शेजारच्याला पंधरा.

शक्य असेल तर उशिरा जा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. सहानंतर गट निघून जातात. दर पाऊण तासाने बसा. ऑडिओ गाइड सगळा ऐकायचा नाही, निवडलेल्या दहांपुरताच.

९. दुपार मोकळी सोडा

तीन ते पाच ही शहरातली सगळ्यात वाईट वेळ. गर्दी जास्त, ऊन वर, पाय गेलेले. भांडणंही याच वेळात होतात. एकत्र गेलेल्या माणसांना एक सल्ला: चार दिवसांत एक दुपार तरी वेगवेगळे फिरा. एकाला घड्याळांच्या दुकानाच्या काचेपुढे अर्धा तास उभं राहायचं असतं आणि दुसऱ्याला नसतं, यात कोणाचाच दोष नाही. संध्याकाळी भेटलात की दोघांकडे सांगायला काहीतरी असतं.

मोकळ्या दुपारी काय करायचं? तिथली माणसं फुरसतीत जे करतात ते. सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा. आत जायला बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही, गारवा असतो, स्वच्छतागृह असतं. बागेत लोक बुद्धिबळ खेळत असतील तर मागे उभे राहून बघा. पोहता येत असेल तर सार्वजनिक तलाव शोधा. मी छोटी वही आणि पेन्सिल नेते आणि एखादं दार काढते. चित्रकला माझी वाईट आहे. पण दार काढायला बसलं की वीस मिनिटं त्याच्याकडे बघावं लागतं, आणि मग कडीचा आकार, रंगाचे थर, उंबऱ्याची झीज हे सगळं आपोआप दिसतं.

पाऊस आला तरी खट्टू होऊ नका. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाला वर जवळजवळ नऊ मीटरचं उघडं वर्तुळ आहे, त्याला झाकण नाही. पावसात पाणी सरळ आत पडतं, खालच्या फरशीला हलका उतार आणि पाणी जायला छिद्रं आहेत. कोरड्या दिवशी लोक वर बघून निघून जातात. पावसात सगळे भिंतीला लागून उभे राहतात आणि मधे एक ओलं वर्तुळ पसरत जातं.

१०. खिसा सांभाळा

थोडक्यात. खिसेकापू तिथे असतात जिथे सगळे वर बघतात. प्रागचं खगोलीय घड्याळ १४१० चं. दर तासाला त्याच्या खिडक्यांतून पुतळे फिरतात, मिनिटभराचा खेळ, आणि खाली शंभर माना वर. त्या मिनिटात हात पिशवीवर ठेवा. पारपत्र खोलीवर ठेवायचं की सोबत, हे त्या देशाच्या नियमावर अवलंबून आहे; त्याची प्रत मात्र फोनमध्ये आणि कागदावर अशी दोन्हीकडे असू दे. दोन कार्डं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि पैसे देताना यंत्राने ‘तुमच्या चलनात घेऊ का?’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या. ‘तुमच्या चलना’चा दर जवळपास नेहमीच महाग पडतो.

‘मोफत’ पायी सफरी चांगल्या असतात, पण मोफत नसतात. शेवटी वाटाड्याला खुशीने पैसे द्यायचे असतात आणि त्याची कमाई तीच असते. आवडली तर मोकळ्या हाताने द्या.

११. संध्याकाळ आणि शेवटची गाडी

संध्याकाळी बंद न होणाऱ्या जागा शोधून ठेवा. क्योटोचं फुशिमी इनारी देवस्थान रात्रंदिवस उघडं असतं. हजारो केशरी कमानींखालची वाट दिवसा माणसांनी भरलेली असते, अंधार पडल्यावर दिव्यांच्या उजेडात स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. मात्र शेवटच्या गाडीची वेळ बघूनच बाहेर पडा. टोकियोसारख्या न थांबणाऱ्या शहरातही गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात त्या पहाटेपर्यंत. एकदा माझी शेवटची गाडी डोळ्यांदेखत गेली. दीड तास चालून परतले. त्या रस्त्यावरचा प्रत्येक दिवा आठवतो, पण तो अनुभव घ्याच असं सांगणार नाही.

१२. शेवटचा अर्धा दिवस

खोली अकराला सोडायची आणि विमान संध्याकाळी. हा चौकोन बॅगेमुळे फुकट जातो. आदल्या रात्रीच विचारा, सामान ठेवून घेतील का. नाहीतर स्टेशनवरचे लॉकर बघून ठेवा. ‘संग्रहालयाच्या क्लोकरूममध्ये ठेवू’ हा बेत करू नका. लूव्रमध्ये ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरहून मोठी बॅग आतच घेत नाहीत, आणि इतर ठिकाणीही साधारण तोच प्रकार. शेवटच्या दिवशी नवीन काही बघू नका. पहिल्या दोन दिवसांत आवडलेल्या जागी परत जा, वेगळ्या वेळी.

१३. नोंद ठेवा, पण फोटोंच्या भरवशावर नको

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे बारकावे कमी आठवले. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला असेल तेव्हा असा फटका बसला नाही. म्हणून मी आता पूर्ण इमारतीचा फोटो काढत नाही, तो विकत मिळतो. कडी, कोपरा, झिजलेली पायरी काढते.

आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच ओळी. काय काय बघितलं याची यादी नको, ती तिकिटांवर असते. वास, आवाज, कोण काय बोललं, कुठे चुकलो. लिहायचा कंटाळा आला तर ओळी अर्ध्या सोडा, पण त्याच रात्री लिहा. दुसऱ्या सकाळी निम्मं उडालेलं असतं. माझ्या वहीतलं एक पान, काडिकॉयच्या होडीच्या दिवशीचं:

‘सीगल होडीबरोबर उडत होते. एक मुलगी त्यांना तुकडे फेकत होती, एकही खाली पडला नाही. शेजारचे आजोबा झोपले होते. होडी धक्क्याला लागायच्या बरोबर आधी उठले, टोपी घातली, निघाले. मी उतरलेच नाही, त्याच होडीने परत आले. डावा बूट अजून चावतोय.’